व्हायोलेट ओळखताना आधी फुलाचा देठ बघा

एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या जंगलात ओकला अजून पालवी फुटायची असते. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, आणि झाडांची सावली दाटायच्या आत व्हायोलेट फुलून घेतं. हे न्यू जर्सीचं राज्यफूल आहे, १९७१ साली कायद्याने तसं ठरलं. एडिसनकडच्या कितीतरी मराठी घरांच्या अंगणात ते न लावताच उगवतं. नवे रहिवासी त्याला तण समजून उपटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जंगलात मात्र या एकाच फुलाचे अनेक भाऊबंद सापडतात. तिथे रंगावर भरवसा ठेवला की घोटाळा होतो. अंगणातलं नेहमीचं व्हायोलेट (व्हायोला सोरोरिया) एरवी निळं-जांभळं असतं, पण कधी ते पूर्ण पांढरं येतं, तर कधी मधोमध जांभळ्या शिरा असलेलं फिकट करडं. दुसरीकडे पिवळी फुलं येणाऱ्या दोन जाती अगदी वेगळ्या गटांतल्या निघतात. म्हणून फूल दिसलं की आधी खाली वाकायचं आणि फुलाचा देठ कुठून निघालाय ते बघायचं.

देठ पानांसारखाच थेट जमिनीतून वर आला असेल, तर ते बिनखोडाचं व्हायोलेट. त्याचं जाड खोड जमिनीत आडवं पसरलेलं असतं. सोरोरिया याच गटातलं. जमिनीवर उभं खोड असेल, त्यावर पानं असतील आणि पानाच्या बगलेतून फूल निघालं असेल, तर गट दुसरा. ही एक गोष्ट पाहिली की निम्मं काम झालं. पिवळ्या दोघांचा निकाल इथेच लागतो: व्हायोला प्युबेसेन्सला उभं खोड असतं आणि पानं बहुतेक शेंड्याकडे असतात, तर व्हायोला रोटुंडिफोलियाचं गोलसर पान आणि फूल दोन्ही जमिनीतून येतात. पांढऱ्या फुलांतही तसंच. व्हायोला कॅनाडेन्सिस खोडाचं, गळ्याशी पिवळं आणि पाकळ्यांच्या पाठीवर जांभळट. व्हायोला ब्लांडा बिनखोडाचं आणि चणीने लहान.

मग भिंग काढायचं. व्हायोलेटला पाच पाकळ्या: दोन वर, दोन बाजूला, एक खाली. खालच्या पाकळीवर गडद रेषा असतात आणि तिचा मागचा भाग तेरड्याच्या फुलामागे असते तशा नळीत संपतो. मध तिथे साठतो. बाजूच्या पाकळ्यांच्या बुडाशी, फुलाच्या गळ्यात, बारीक केसांचा झुपका दिसतो. सोरोरियाचे केस लांब, सुतासारखे सरळ असतात. पाणथळ जागेतल्या व्हायोला कुकुलाटाचे केस आखूड, आणि प्रत्येकाचं टोक फुगीर, गदेसारखं. त्याची फुलं लांब देठांवर पानांच्या बरीच वर उभी राहतात. दोन्ही निळी, दोन्हींची पानं हृदयाकृती, पण त्या केसांकडे एकदा नीट पाहिलं की गल्लत होत नाही.

पानांच्या बाबतीत जरा सबुरीने घ्यावं. व्हायोला पामाटाच्या गटातल्या काही जातींत वसंतातली पहिली पानं अखंड असतात आणि पुढची खोल कातरलेली, त्यामुळे एका पानावरून जात ठरवू नये. फूल येण्याआधी इतर झाडंही फसवतात. गार्लिक मस्टर्डचं कोवळं पान तसंच दातेरी असतं, पण चुरगळलं की लसणाचा वास येतो. ओढ्याकाठचं लेसर सेलँडाइन चकचकीत, गुळगुळीत पानांचं आणि कच्चं खाल्लं तर विषारी. व्हायोलेटची पानं कोशिंबिरीत घालणाऱ्यांनी हा फरक पक्का लक्षात ठेवायलाच हवा. व्हायोलेटचं नवं पान उमलताना दोन्ही कडांनी आत वळलेलं असतं, ही खूण उपयोगी पडते.

महाराष्ट्रात माळावर आणि बांधावर पावसाळ्यात दिसणारं रतनपुरुष याच कुळातलं. त्याची खालची गुलाबी पाकळी बाकी चारांपेक्षा कितीतरी मोठी असते.

या ओळखीला महत्त्व आहे, कारण व्हायोलेटवर इतरांचं पोट चालतं. आंद्रेना व्हायोली ही एकटी राहणारी मधमाशी आपल्या पिल्लांसाठी फक्त व्हायोलेटचा पराग गोळा करते. ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरी हे नारिंगी फुलपाखरू उन्हाळा सरताना व्हायोलेटच्या आसपास अंडी घालतं. त्यातून निघालेली इवलीशी अळी काही न खाता पाचोळ्यात थंडी काढते आणि वसंतात व्हायोलेटच्या पानांवर तुटून पडते. शरद ऋतूत सगळा पाचोळा झाडून पिशव्यांत भरला, तर त्याबरोबर या अळ्याही कचऱ्यात जातात.

फुलांचा बहर ओसरल्यावरही ओळखायची संधी असते. वरच्या झाडांची सावली दाटली की व्हायोलेट दुसऱ्या प्रकारची फुलं काढतं. ती कधी उघडतच नाहीत. कळीच्या आतच स्वपरागण होतं आणि बी धरतं. व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजचे अध्यक्ष राहिलेले एझ्रा ब्रेनर्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संकराचा संशय असलेल्या झाडांचं असं बी पेरून पाहिलं. बंद फुलात बाहेरचा पराग शिरण्याची सोयच नसते, तरीही रोपं एकसारखी आली नाहीत. काही एका मूळ जातीकडे झुकली, काही दुसरीकडे. म्हणजे ती झाडं खरोखरच संकरित होती. निळ्या बिनखोडाच्या जाती आपसांत सर्रास मिसळतात, हे तेव्हापासून मान्य झालं. त्यामुळे जंगलात एखादं झाड कुठल्याच वर्णनात बसलं नाही, तर ओढूनताणून नाव देऊ नये. त्याच्या दोन्ही बाजूंना कोणत्या जाती वाढल्या आहेत ते लिहून ठेवावं आणि बोंडं तपासावीत. संकराच्या बोंडात बी सहसा कमी भरतं.

ही बोंडं शोधायला ऑगस्टमध्ये पानं बाजूला सारून बुडाशी बघा. सोरोरियाची जांभळट ठिपक्यांची बोंडं जमिनीलगत आडवी पडलेली असतात, कुकुलाटाची हिरवी आणि उभी. पिकल्यावर बोंडाचे तीन भाग उकलतात, वाळताना आवळले जातात आणि चिमटीत दाबल्यासारखं बी लांब उडवतात. प्रत्येक बीला एक स्निग्ध कण चिकटलेला असतो. त्याच्या ओढीने मुंग्या बी वारुळात नेतात, कण खातात आणि बी तसंच टाकून देतात. पुढच्या वसंतात व्हायोलेट जिथे अपेक्षा नसते तिथे उगवतं, ते बरेचदा यामुळेच.