ऐतिहासिक वस्तीतील नव्या घरांच्या आराखड्यांची छाननी (गोवा)

जुने रूप टिकवून असलेल्या निवासी वस्तीत नवे घर बांधायचे असेल, पडक्या घराच्या जागी दुसरे उभारायचे असेल किंवा असलेल्या घरावर मजला चढवायचा असेल, तर बांधकाम परवाना देण्यापूर्वी त्याचा आराखडा आजूबाजूच्या वस्तीशी ताडून पाहिला जातो. या प्रक्रियेला आराखड्यांची छाननी म्हणतात. इमारत मजबूत आहे का, चटई क्षेत्र नियमात बसते का, सांडपाण्याची सोय आहे का, हे प्रश्न सर्वत्रच विचारले जातात. ऐतिहासिक वस्तीत त्यांच्या जोडीला हे घर या रस्त्यावरच्या घरांच्या ओळीत नीट बसते का, हाही प्रश्न येतो. गोव्यात या छाननीचे सर्वांत परिचित क्षेत्र म्हणजे पणजीतील फोंतेन्हास, सांतोमे, पोर्ताइस आणि मळा हा आल्तिनो टेकडीच्या पायथ्यापासून ओरें खाडीपर्यंतचा पट्टा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथे माडांची बाग होती. टेकडीच्या पोटातून झिरपणाऱ्या झऱ्यामुळे वस्तीला फोंतेन्हास हे नाव पडले. पोर्तुगीज भाषेत ‘फोंते’ म्हणजे झरा. सेंट सेबॅस्टियनची कपेल (लहान चर्च) १८१८ मध्ये उभी राहिली आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाल्यावर कारकून, अधिकारी, वकील आणि व्यापारी यांची घरे दाटीने वाढत गेली. एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खाडी असल्यामुळे जागा थोडी होती. त्यामुळे घरे एकमेकांना खेटून, थेट रस्त्याच्या कडेवर आली. जाड चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, उंच जोते, उभट खिडक्या, वरच्या मजल्यावर लोखंडी कठड्याचा अरुंद सज्जा आणि वर उतरते कौलारू छप्पर, हा येथील बहुसंख्य घरांचा ढाचा आहे. एकेक घर वेगळे काढून पाहिले तर त्यात फार मोठे कलावैभव नसते. दोन घरांमधल्या भिंतीपासून पुढच्या घराच्या सज्जापर्यंत नजर अडखळल्याशिवाय सरकते, यातच या वस्तीचे खरे मोल आहे, आणि छाननीनेही मुख्यतः तेच जपायचे असते.

ही ओळ कोणी एका दिवशी आखून बांधलेली नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. आज ज्या मंगळुरी कौलांना आपण पारंपरिक म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये काढला. त्याआधी गोव्यातली छपरे अर्धगोल नळ्यांनी शाकारलेली असत. म्हणजे फोंतेन्हासच्या पहिल्या पिढीतल्या घरांच्या दृष्टीने मंगळुरी कौल ही बाहेरून आलेली, कारखान्यात तयार झालेली नवी वस्तू होती. ती सामावली गेली, कारण छपराचा उतार, वळचणीची रेघ आणि मातीचा लाल रंग या तिन्ही गोष्टी तिने मोडल्या नाहीत. नव्या आराखड्याला काय विचारावे, याचे उत्तर या एका उदाहरणात बरेचसे सापडते.

कायद्याची चौकट : वस्तीच्या स्तरावर असे नियंत्रण ठेवण्याची कल्पना विसाव्या शतकातली आहे. अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये जुन्या भागातील बांधकामांचे आराखडे तपासणारे मंडळ नेमले. फ्रान्सने १९६२ च्या कायद्याने शहरांतील संरक्षित विभागांची तरतूद केली आणि ब्रिटनमध्ये १९६७ पासून संवर्धन क्षेत्रे घोषित होऊ लागली. भारतात मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारती व परिसरांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी वारसा संवर्धन समिती स्थापन केली.

गोव्यात या विषयाचा पाया १९७४ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात आहे. शहराच्या बाह्य विकास आराखड्यात (आउटलाइन डेव्हलपमेंट प्लॅन) संवर्धन क्षेत्रे दाखवली जातात आणि २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांनुसार त्या क्षेत्रांतील प्रस्ताव शासनाने नेमलेल्या संवर्धन समितीपुढे ठेवले जातात. समितीचा अभिप्राय आल्यावर नियोजन आणि विकास प्राधिकरण विकास परवानगी देते आणि त्यानंतर महानगरपालिका बांधकाम परवाना देते. घर टेकडीच्या उतारावर असेल, तर डोंगरकापणीसाठी त्याच कायद्याच्या १७-अ कलमाखाली वेगळी परवानगी लागते. खाडीलगत असेल, तर किनारी नियमन क्षेत्राचे नियमही लागू होऊ शकतात. म्हणजे रुआ दि ओरें या रस्त्यावरील एखाद्या छोट्या घराची फाइल तीन-चार दारे फिरून येते, आणि प्रत्येक दाराशी वेगळा प्रश्न विचारला जातो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोंतेन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, असे पर्यटनविषयक लिखाणात वारंवार आढळते. ते बरोबर नाही. १९८६ मध्ये त्या यादीत गेली ती जुने गोवे येथील चर्च आणि कॉन्व्हेंट. तेथील राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती केंद्राच्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार, त्यातील २०१० च्या दुरुस्तीसह, १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र असते. फोंतेन्हासमध्ये कोणत्याही एका स्मारकापासून मोजलेले असे वर्तुळ नाही. तेथे लोक राहतात, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात, नातवंडांसाठी खोली वाढवू पाहतात, आणि नियमांना त्यांच्याशीच जुळवून घ्यायचे असते.

छाननीत काय पाहतात : अर्जासोबत नगर भूमापनातील चलता नंबर (मिळकतीचा क्रमांक) आणि पी. टी. शीटचा (भूमापन नकाशाच्या तावाचा) उतारा, मालकीची कागदपत्रे, जागेचा नकाशा, मजल्यांचे नकाशे, उभे छेद आणि दर्शनी बाजूचे चित्र द्यावे लागते. त्यातही दर्शनी बाजूचे चित्र हा सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा सर्वांत अपुरा कागद असतो. कागदावर घर एकटेच उभे असते. डावीकडे पांढरा कागद, उजवीकडेही पांढरा कागद. अशा चित्रावरून वळचण शेजारच्या वळचणीला मिळते की हातभर वर जाते, हे कळतच नाही. दोन्ही बाजूंची किमान दोन-दोन घरे त्याच मापात काढलेले संपूर्ण ओळीचे चित्र मागितले, तर निम्मे वाद टेबलावरच मिटतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते असे ओळीचे चित्र प्रत्येक अर्जात सक्तीचे असले पाहिजे.

उंचीचा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण खरी मेख त्यातच आहे. जुन्या घरातील मजला चार मीटरच्या आसपास उंच असतो, तर आजच्या बांधकामात स्लॅबपासून स्लॅबपर्यंत तीन मीटर पुरतात. त्यामुळे शेजारच्या उंच जोत्याच्या दोन मजली घराच्या जवळपास उंचीत नवे घर तीन मजले बसवू शकते, आणि उंचीची मर्यादा तंतोतंत पाळूनही त्याच्या खिडक्यांची ओळ शेजारच्या खिडक्यांशी कुठेच जुळत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. म्हणून एकूण उंचीबरोबर जोत्याची, सज्जाची आणि वळचणीची उंची वेगवेगळी तपासली पाहिजे. खिडक्यांचेही तसेच. जुनी खिडकी रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच असते, कारण चिऱ्यांच्या भिंतीत रुंद भोक पाडणे धोक्याचे होते. काँक्रीटच्या चौकटीत हवी तेवढी रुंद खिडकी ठेवता येते, आणि आडवी सरकती काच हा नव्या घराचा सर्वांत पटकन ओळखू येणारा दोष ठरतो.

त्याहून मोठे नुकसान गाडीच्या जागेमुळे होते. सर्वसाधारण बांधकाम नियम घराभोवती मोकळी जागा सोडायला आणि वाहनतळ ठेवायला सांगतात. मोकळ्या भूखंडावर हे नियम हिताचेच आहेत. पण जिथे शंभर वर्षे घरे भिंतीला भिंत लावून रस्त्यावर उभी आहेत, तिथे एक घर दोन मीटर मागे सरकले की ओळीत दात पडल्यासारखी फट दिसते. आणि तळमजला खांबांवर उचलून खाली गाड्या ठेवल्या, तर दार, पायरी, खिडकीतून डोकावणारा माणूस, हे सारे त्या जागेतून नाहीसे होते आणि उरते ती जाळीच्या फाटकामागची काळोखी पोकळी. संवर्धन क्षेत्रात रस्त्याची जुनी रेषा पाळण्यास आणि वाहनतळाच्या अटीतून सूट देण्यास समितीने कचरू नये.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे नको तेवढे जुनेपण. गोव्याचे घर म्हटले की बाल्कांव (दारापुढची छत असलेली बैठकीची जागा), त्यातले बसायचे दगडी सोपे, वेलबुट्टीचे कठडे आणि निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशा, असे एक चित्र लोकांच्या मनात पक्के झाले आहे. पायऱ्या चढून जायचे प्रशस्त बाल्कांव हे मुख्यतः लोटली, चांदर यांसारख्या गावांतील अंगणवाल्या घरांचे लेणे आहे. फोंतेन्हासच्या अरुंद रस्त्यावर बहुतेक घरांना ते नव्हतेच. नव्या घराला फायबरचे खांब आणि छापील फरशा चिकटवून आणलेला पोर्तुगीज थाट समितीला पटकन आवडतो, कारण तो चित्रात वारशासारखा दिसतो. प्रत्यक्षात शेजारच्या साध्या, खऱ्या जुन्या घरालाच तो खोटे पाडतो. १९६४ ची व्हेनिस सनद स्मारकात केलेल्या अपरिहार्य नव्या कामावर त्याच्या काळाची खूण असावी असे सांगते, आणि ऐतिहासिक शहरांविषयीची १९८७ ची वॉशिंग्टन सनद परिसराशी सुसंवादी असलेल्या आधुनिक घटकांना विरोध करू नये असे म्हणते. उतार, उंची आणि खिडक्यांचे प्रमाण पाळणारे, पण अलंकारांचा सोस न केलेले साधे घर या वस्तीला कधीच जड होत नाही.

साहित्य आणि रंग : चिरा हा सच्छिद्र दगड आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो चिऱ्यात मुरतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंगाचा थर चढवला की ओल आत अडकते, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि दोष मात्र जुन्या भिंतीला दिला जातो. म्हणून सामायिक भिंत असलेल्या घरांच्या बाबतीत नव्या घराचा गिलावा हा शेजाऱ्याच्याही काळजीचा विषय असतो. काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या खिडक्या काही घरांत अजून आहेत; हे शिंपले चिखली उपसागरात सापडतात, पण नव्या घरासाठी त्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

रंगांविषयी असे सांगितले जाते की पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्च आणि कपेलांसाठी राखलेला असे आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर घरे रंगवावी लागत. चुन्यात निळ, काव किंवा पिवडी कालवून हे रंग केले जात. एखाद्या जुन्या भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने अलगद उचलला, तर पिवळ्याखाली काव, कावेखाली फिकट निळा, त्याखाली पुन्हा पिवळा असे पापुद्रे दिसतात. त्या घराला एकच एक मूळ रंग नव्हता. रंगांचा एक ठरावीक संच होता आणि त्यातून घरमालक निवड करीत. समितीने रंगाचा नंबर ठरवून देण्यापेक्षा असा संच ठरवून द्यावा, हे परंपरेला अधिक धरून होईल. छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांना आवडतो म्हणून दिला जाणारा भडक, चकचकीत रंग त्या संचात बसत नाही.

घरमालकांची अडचण : छाननीचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला वारसाहक्क चालत आला असून मालमत्तेत सर्व मुलामुलींचा वाटा असतो. दोन-तीन पिढ्यांनंतर एका घराला डझनभर सहवारस होतात; कोणी लिस्बनमध्ये, कोणी मुंबईत, कोणी कॅनडात. अर्जावर सर्वांच्या सह्या जमवताना वर्षे जातात. घरात १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा जुना भाडेकरू असेल, तर दुरुस्तीतून मालकाला काही मिळत नाही. मग कौले फुटतात, वासे कुजतात, आणि धोकादायक म्हणून घर उतरवावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेवरचा आराखडा जेव्हा समितीपुढे येतो, तेव्हा जपण्यासारखे जे होते ते आधीच गेलेले असते. जुन्या घराची डागडुजी नव्या बांधकामापेक्षा सोपी, स्वस्त आणि लवकर मंजूर होणारी ठेवली, तरच छाननीला अर्थ राहतो. कौले बदलायलाही नव्या घराइतकेच कागद मागितले, तर मालक दुरुस्तीच्या वाटेला जात नाही. अलीकडे अनेक घरांचे अतिथिगृहांत आणि कॅफेंत रूपांतर झाले आहे. त्यामुळे छपरे शाबूत राहिली, पण फलक, वातानुकूलन यंत्रांचे डबे आणि गच्चीवरच्या टाक्या दर्शनी भागावर आल्या, आणि हे सारे मंजूर चित्रात कधी दाखवलेलेच नसते.

पणजीबाहेर मडगावातील होली स्पिरिट चर्चसमोरचा चौक आणि बोर्डा परिसर याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. बोर्डा येथील सात बुर्जांच्या प्रसिद्ध घराचे आता तीनच बुर्ज शिल्लक आहेत. फोंडा तालुक्यातील देवळांभोवतीच्या हिंदू वस्त्यांकडे मात्र संवर्धनाच्या चर्चेत क्वचितच लक्ष जाते. तेथील घरांचे सौंदर्य रस्त्यावरून फारसे दिसत नाही. ते वसरी (पुढची पडवी) ओलांडून आत गेल्यावर, राजांगणातल्या (घराच्या मधल्या मोकळ्या चौकातल्या) तुळशीवृंदावनाशी आणि चारी बाजूंनी आत उतरणाऱ्या छपरांत असते. दर्शनी बाजू तपासणारी छाननी अशा घरांना लागू केली, तर समोरची भिंत वाचेल आणि राजांगणावर स्लॅब पडेल. त्यांच्यासाठी उभ्या छेदाचा नकाशा हाच छाननीचा मुख्य कागद मानावा लागेल.

मंजुरीनंतरची तपासणी हा या प्रक्रियेतला सर्वांत दुबळा दुवा आहे. जोत्यापर्यंत काम आल्यावर एकदा आणि छपराची चौकट चढल्यावर, कौले घालण्यापूर्वी, दुसऱ्यांदा पाहणी झाली, तर उतार आणि वळचण अजून दुरुस्त करता येते. भोगवटा दाखल्याच्या वेळी केलेल्या पाहणीत चूक आढळली, तरी तोवर स्लॅब भरलेला असतो आणि घरात सामान लागलेले असते.