भुंगा म्हणजे नेमका कोणता? सुतार भुंगा आणि बंबलबी

फुलावर घुमत येणारी कोणतीही जाडजूड काळी माशी मराठीत भुंगा ठरते. त्यामुळे या एका नावाखाली दोन निराळ्या मधमाश्या येतात: झायलोकोपा प्रजातीतला सुतार भुंगा आणि बॉम्बस प्रजातीतली बंबलबी. ओळखण्यासाठी पोटाची वरची बाजू पाहावी. सुतार भुंग्याचे पोट बहुधा तुळतुळीत व चमकदार असते, तर बंबलबीचे दाट लवीने झाकलेले असते.

खरा फरक घरात दिसतो. बंबलबीची राणी बहुधा उंदराच्या सोडलेल्या बिळात वसाहत उभारते, कामकरी माश्या पिले सांभाळतात आणि थंड प्रदेशात हिवाळ्याआधी नव्या फलित राण्या सोडून सारी वसाहत मरते. सुतार भुंग्याची मादी मात्र एकटीने वाळक्या लाकडात बोगदा कोरते, परागाचा व मकरंदाचा गोळा करून त्यावर एकच अंडे घालते आणि भुशाचा पडदा बांधून पुढच्या खोलीकडे वळते. ती लाकूड खात नाही, म्हणून तिला वाळवीच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. काही जातींत आई आणि मुली एकाच बोगद्यात नांदतात, तेव्हा ‘एकांडी’ हे विशेषण थोडे सैलच घ्यावे लागते. अंगावर येऊन घिरट्या घालणारा भुंगा बहुधा नर असतो आणि नराला नांगी नसते.

संवर्धनाचे उपायही यामुळे वेगळे होतात. बंबलबीला न नांगरलेली जमीन आणि हंगामभर फुले हवीत. सुतार भुंग्याला त्याशिवाय उभे वाळलेले लाकूडही लागते, आणि साफसफाईत नेमके तेच आधी जाते. ऑस्ट्रेलियातला हिरवा सुतार भुंगा, झायलोकोपा एराटा, बँक्सिया या तिथल्या झाडाच्या मेलेल्या खोडांत आणि गवतासारख्या पानांच्या गवतझाडाच्या वाळक्या फुलदांड्यांत घर करतो. वणव्यानंतर गवतझाडे भरभरून फुलतात, पण त्यांच्या दांड्या थोडीच वर्षे टिकतात. बँक्सियाचे खोड पुरेसे जाड व्हायला त्याहून फार जास्त काळ लागतो. वणवे वरचेवर लागले की या दोहोंमधला दुवा तुटतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातून ही जात नाहीशी झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर संशोधकांनी मऊ लाकडाच्या कृत्रिम दांड्या ठेवल्या, माद्यांनी त्यांत घरेही केली, पण 2019-20 च्या वणव्यात त्यांपैकी बऱ्याच जळाल्या.