रोजच्या वापरातील परफॉर्मन्स कार : रंगाची निगा आणि देखभाल (मुंबई)

ताकदवान इंजिन, घट्ट सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि रुंद पण कमी उंचीचे टायर घेऊन कारखान्यातूनच वेगासाठी तयार होऊन आलेल्या गाडीला परफॉर्मन्स कार म्हणतात. मुंबईत अशा काही गाड्या फक्त रविवारी पहाटे बाहेर निघतात. बाकीच्या मात्र ठाण्याहून लोअर परळला, बोरिवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज ऑफिसला जातात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोल्क्सवॅगन पोलो जीटीआय, मिनी कूपर एस, बीएमडब्ल्यू एम ३४० आय ही त्यांतली काही ओळखीची नावे. ही नोंद अशा रोज राबणाऱ्या गाड्यांविषयी आहे. मुंबईत या गाड्या धावून झिजतात त्याहून जास्त उभ्या राहून झिजतात. सिग्नलला, झाडाखाली, सोसायटीच्या आवारात, पावसात त्या उभ्या असतात. देखभालीच्या पुस्तिकेत हिशेब किलोमीटरचा असतो, या शहरात तो तासांचा ठेवावा लागतो.

रंगाचे थर : पत्र्यावर सर्वांत खाली विद्युत प्रक्रियेने चढवलेला गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सारी चकाकी केसाहूनही पातळ थरात असते. खालचा रंग उन्हापासून जपण्याचे कामही हाच थर करतो.

हा थर एकदा गेला की परत येत नाही. पॉलिश केल्यावर ओरखडा ‘भरला’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीच भरलेले नसते. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. त्यामुळे दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्या गाडीचा थर दर दिवाळीला पातळ होत जातो. जाडी मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते. पॉलिशला हात घालण्यापूर्वी त्याने प्रत्येक भागाचे माप घ्यावे. ज्या दुकानात हे यंत्रच नाही तिथे मशीन चालवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा आहे.

मूळ रंग जपण्याचे आणखी एक कारण आहे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असताना रंग सुमारे १४० अंश सेल्सियसला भाजला जातो. पुढे डेंटर-पेंटरकडे आलेल्या गाडीत प्लास्टिक, वायरिंग, सीट असे सगळे बसवलेले असते, म्हणून तिथली भट्टी साधारण ६० अंशांवर चालवावी लागते. कारागीर कितीही चांगला असला, लांबी (खळगे भरायची पुटी) कितीही सफाईने भरली, तरी दुसऱ्यांदा दिलेला रंग पहिल्याची बरोबरी करत नाही. पावसाळ्यात उघड्यावरच्या गॅरेजात रंगकाम करून घेणे तर टाळावेच.

सकाळचे फडके : मुंबईतल्या गाड्यांच्या रंगाचे सर्वांत मोठे नुकसान पहाटे साडेपाच ते आठ या वेळात होते, आणि ते चांगल्या हेतूने होते. गाडी पुसणारा एक बादली आणि एक फडके घेऊन पंधरा-वीस गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपाशीच पाणी राखाडी झालेले असते. मेट्रोची कामे, काँक्रीटचे रस्ते, शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास यांतून उडालेली सिमेंट-वाळूची बारीक धूळ रात्रभर बोनेटवर बसलेली असते. वाळूतला गारगोटीचा कण क्लिअर कोटहून कितीतरी कठीण असतो. ओले फडके त्यावरून फिरले की तेच घासपेपर होते.

याचा परिणाम पाहायचा असेल तर रात्री मोबाइलचा टॉर्च काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर धरावा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटतात. ओरखडे खरे तर सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसते. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकते.

यात गाडी पुसणाऱ्याचा दोष नाही. रोज गाडी ओली दिसली पाहिजे हा आग्रह मालकांचा असतो, पाण्याचा नळ सोसायटी बंद ठेवते आणि महिन्याच्या मोबदल्यात त्याला एवढ्याच गाड्या परवडतात. मी एके दिवशी आमच्या सोसायटीतल्या दादांना सांगितले, “दादा, उद्यापासून काचा, आरसे आणि नंबर प्लेट तेवढी पुसा. पत्र्याला हात लावू नका. पैसे तेवढेच देईन.” त्यांना आधी वाटले, त्यांचे काही चुकले. टॉर्च लावून जाळी दाखवली तेव्हा त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काळ्या गाडीच्या मालकालाही दाखवली. गाडीवर केलेल्या कुठल्याही कोटिंगपेक्षा त्या बोलण्याचा उपयोग जास्त झाला.

धुण्याची रीत अवघड नाही. आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली उतरवावी, मग फेस, मग हात. साबणाची बादली वेगळी, हातमोजा विसळायची वेगळी, चाकांची तिसरी. वरून खाली यावे. गाडी सावलीत आणि बोनेट गार असावे. जिथे पाइप लावायला परवानगी नाही तिथे न विसळता धुण्याचे द्रावण वापरता येते. ते बादलीभर पाण्यात झाकणभर घालतात. मायक्रोफायबरच्या सात-आठ फडक्यांच्या चौपदरी घड्या भिजवून ठेवायच्या आणि घडीची प्रत्येक बाजू एकदाच, एकाच दिशेने फिरवायची. खाली पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. पाण्यातही फरक असतो. तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी गाडीवर सुकले तर क्षारांचे पांढरे गोल उमटतात. ते ताजे असतानाच पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने काढावेत आणि लगेच स्वच्छ पाणी मारावे.

झाडे, पक्षी, लोकल : सावली म्हणून आपण झाडाखाली गाडी लावतो. दादर-माटुंग्याच्या जुन्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्षांवरच्या पिठ्या ढेकणांचा चिकट स्राव टपावर पडतो. मे-जूनमध्ये जांभळे फुटतात. बदाम आणि उंबर खायला आलेली वटवाघळे रात्री काचेपासून डिकीपर्यंत रांग मारून जातात. सगळ्यांत घातक कावळ्या-कबुतरांची शीट. तिच्यात युरिक आम्ल असते, शिवाय ऊन तापले की क्लिअर कोट नरमतो, पसरतो आणि संध्याकाळी गार होताना त्या सुकलेल्या थराभोवतीच आकसतो. एका मे महिन्यात सकाळी पडलेली शीट मी दुपारी ऑफिसातून उतरून काढली. ओला टिश्यू तीन मिनिटे ठेवला, न घासता उचलला, सगळे रीतसर केले. तरी बोनेटच्या डाव्या कोपऱ्यात नखाला अजून कडा लागते. उशीर सहा तासांचाच होता. तेव्हापासून गाडीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन फडकी कायम असतात.

रेल्वेलगत गाडी लावणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावर बसतात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बोनेटवरून हलकेच फिरवावी. उघड्या तळव्याला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. त्यासाठी लोह विरघळवणारे द्रावण मिळते. ते फवारले की मिनिटाभरात ठिपक्याठिपक्यातून जांभळे ओघळ सुटतात आणि दारावरून खाली उतरतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण तो रंग कणांशी झालेल्या रासायनिक क्रियेचा असतो, गाडीच्या रंगाचा नव्हे. ते उन्हात सुकू न देता भरपूर पाण्याने धुवावे. तरीही उरलेले कण क्ले बारने (रुतलेला मळ ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने), भरपूर ओलावा ठेवून काढतात.

संरक्षक थर : ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण देखणी चमक देते, पण मुंबईच्या पावसात काही आठवडेच टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने जाते. सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त द्रवाचा थर. तो क्लिअर कोटला घट्ट चिकटतो, काही वर्षे राहतो, मळ धरू देत नाही आणि रसायनांना तोंड देतो. मात्र त्याची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या घरातली. खडी उडून बसलेला टवका तो थांबवत नाही. जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा असतो, खनिजांच्या नव्हे, हेही ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. शिवाय अशा थरावर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात. पावसाची सर येऊन लगेच ऊन पडले की प्रत्येक थेंब जागेवर सुकून डाग सोडतो. कोटिंग केले म्हणून धुणे सुटत नाही.

टवके आणि घासटी यांवर खरा उपाय पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ. ही पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. १९६०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खडीपासून वाचवण्यासाठी तिचा पूर्वावतार वापरात आला. आजच्या चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. पूर्ण गाडीचा खर्च झेपत नसेल तर पुढचा बंपर, बोनेट, पुढचे फेंडर, आरसे, दारांच्या कडा आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढे तरी झाकावे. मुंबईसाठी यात मागचा बंपरही मोजावा, कारण इथे टवक्यांपेक्षा दुचाकीच्या हँडलची आणि पार्किंगमधली घासट जास्त. फिल्मखाली जे जाते ते तसेच राहते, म्हणून आधी रंग दुरुस्त करून घ्यावा.

कापडी कव्हर मात्र उघड्यावरच्या रोजच्या गाडीला घालू नये. धुळीवर ओढलेले कव्हर वाऱ्याने रात्रभर घासते आणि पावसात आत दमट हवा कोंडते.

दसऱ्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. गाडीची पूजा आपण मनापासून करतो, ती करावीच. फक्त झेंडूची माळ तारेत ओवलेली नसावी, दोऱ्यात असावी. हायवेच्या वाऱ्यात ती तार बंपरवर आपटत राहते. बोनेटवरचे हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसू नये, संध्याकाळी पाणी सोडून उतरवावे.

खारी हवा : २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग आणि २००९चा वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवरून रोज जाणारी गाडी तुषारांचे मीठ घेऊन घरी येते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी मरीन ड्राइव्हवर उभी केलेली गाडी त्याच रात्री खालून, चाकांच्या कमानींसकट धुवावी. टवका पडून पत्रा उघडा झाला असेल तर टच-अपचा रंग लावायला आठवडाही थांबू नये.

यंत्रभाग : ताशी ६० किलोमीटर सरासरीने १०,००० किलोमीटर कापायला साधारण १६७ तास लागतात. ताशी २० ने ५०० तास. इंजिन ऑइलला हा तिप्पट काळ सोसावा लागतो. पुस्तिकेत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिले असले तरी मुंबईत टर्बो इंजिनाचे तेल ७,५०० किलोमीटरला बदलावे, असे मी आग्रहाने सांगतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. ती अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढतात. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीला (तेलात न बुडलेल्या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला) रांगत चालवणे सर्वांत जास्त त्रासाचे. पुढे जागा होऊ द्यावी, मग एकदाच सुटावे.

पावसाळ्यात सकाळी ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो वरवरचा असतो आणि चार-पाच ब्रेकांत निघून जातो. काळजी करावी ती ब्रेक फ्लुइडची, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रवाची. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. दर दोन वर्षांनी ते बदलले नाही तर खंडाळ्याचा घाट उतरताना ते तापून उकळते आणि पेडल मऊ लागते.

२२५/४० आर १८ मापाच्या (२२५ मिलिमीटर रुंद, रुंदीच्या ४० टक्के उंचीची भिंत, १८ इंची रिम) टायरची बाजूची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर उंच. खड्ड्यात आपटून तिला फुगा आला की तो टायर संपला, त्याला डागडुजी नाही. हवा टायर गार असताना तपासावी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस विरळा, पण मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेत गुडघाभर पाणी भरायला मोठी सर पुरते. या गाड्यांची बांधणीच जमिनीलगतची, त्यामुळे पाणी हवेच्या मार्गाने इंजिनात लवकर पोहोचते. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टचे बटण पुन्हा दाबू नये. सिलिंडरमधले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते.

मे अखेरीस बोनेट उघडून पुढच्या काचेखालच्या जाळीतली गुलमोहराची आणि शिरीषाची पाने हाताने काढावीत. ती निचऱ्याच्या छिद्रात बसली की पावसाचे पाणी डॅशबोर्डखाली उतरते आणि पायाखालचा गालिचा आंबतो. जाळी साफ झाली की दोन्ही कोपऱ्यांत एकेक तांब्या पाणी ओतावे आणि ते पुढच्या चाकामागून जमिनीवर पडते का, ते खाली वाकून पाहावे.