पार्श्वभूमी : मतदारसंघांचे नकाशे, राज्यांची न्यायालये आणि ‘विधिमंडळ’ हा शब्द

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२३ रोजी नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रकरणात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला. संसदीय निवडणुकांचे नियम ठरवताना राज्याचे विधिमंडळ त्या राज्याच्या घटनेला आणि तिचा अर्थ लावणाऱ्या न्यायालयांना बांधील असते, असे त्याचे सार आहे. हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ २३६ वर्षांनी का आली आणि निकाल लागूनही त्या राज्यातील मतदारांच्या पदरात काहीच का पडले नाही, हे समजून घ्यायचे तर संघाच्या घटनेतील एका शब्दापाशी जावे लागते.

संसदेच्या निवडणुकांची वेळ, स्थळ आणि पद्धत प्रत्येक राज्यात ‘त्या राज्याचे विधिमंडळ’ ठरवील, आणि देशाच्या संसदेला कायद्याने त्यात बदल करता येईल, असे १७८७ च्या घटनेचे पहिले अनुच्छेद सांगते. मतदारसंघांच्या सीमा आखणेही यातच येते. आपल्या घटनेच्या १६८ व्या अनुच्छेदात राज्याच्या विधानमंडळात कोण कोण येते हे राज्यपालांसकट लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या घटनेत अशी व्याख्या नाही, आणि साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. विधिमंडळ म्हणजे केवळ निवडून आलेल्या सभासदांची सभा, की कायदा करण्याची त्या राज्याची संपूर्ण रीत, ज्यात राज्यपालाचा नकाराधिकार, सार्वमत आणि न्यायालयीन तपासणीही आली?

गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाचे उत्तर तीनदा जवळपास एकाच दिशेने मिळाले. ओहायोच्या मतदारांनी सार्वमताने मतदारसंघांचा नकाशा फेटाळला तेव्हा, १९१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मिनेसोटाच्या राज्यपालाचा नकाराधिकार १९३२ मध्ये ग्राह्य धरला गेला. ॲरिझोनात मतदारसंघ आखण्यासाठी लोकांनी थेट मतदानाने नेमलेला स्वतंत्र आयोग २०१५ मध्ये टिकला, पण पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. दरम्यान २००० साली, फ्लोरिडातील अध्यक्षीय मतमोजणीच्या वादात, तीन न्यायमूर्तींनी सहमतीच्या स्वतंत्र निकालपत्रात वेगळा सूर लावला होता. तो अध्यक्षीय निवडमंडळाशी संबंधित दुसऱ्या कलमाबद्दल होता, परंतु शब्द तोच होता : संघाच्या घटनेने अधिकार विधिमंडळाला दिला असेल, तर राज्याच्या न्यायालयाने त्या विधिमंडळाचा कायदा वाकवू नये. पुढे ‘स्वतंत्र राज्य विधिमंडळ सिद्धांत’ म्हणून जे मांडले गेले, त्याचे बीज या निकालपत्रात सापडते.

नॉर्थ कॅरोलायनात हा सिद्धांत का वापरावासा वाटला, हे २०१६ च्या नकाशावरून कळते. त्या वर्षी सत्ताधारी पक्षाच्या एका ज्येष्ठ सभासदाने समितीत उघडपणे सांगितले की तेरापैकी दहा जागा आपल्या पक्षाला मिळतील असा नकाशा आपण मांडत आहोत, कारण अकरा मिळतील असा काढणे शक्य वाटत नाही. ग्रीन्सबरो शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे एक जुने मोठे विद्यापीठ आहे. त्याच्या आवारातून जाणाऱ्या लॉरेल स्ट्रीटवरून या नकाशाची सीमारेषा गेली. रस्त्याच्या एका बाजूच्या वसतिगृहातले विद्यार्थी सहाव्या मतदारसंघात आणि दुसऱ्या बाजूचे तेराव्या मतदारसंघात मोडू लागले. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांची मते अशा रीतीने दोन ठिकाणी पातळ झाली.

हाच नकाशा २०१९ मध्ये मेरीलँडच्या एका मतदारसंघाच्या वादासह सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मेरीलँडमध्ये दुसऱ्या पक्षाने हेच केले होते. पक्षीय लाभासाठी आखलेल्या सीमांचा निवाडा करण्याजोगा निकष संघीय न्यायालयांकडे नाही, असे पाच विरुद्ध चार बहुमताने ठरले. मात्र त्याच निकालपत्रात दिलासाही होता : राज्यांच्या घटना आणि कायदे असे निकष देऊ शकतात आणि राज्यांची न्यायालये ते लावू शकतात. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेमके तेच केले होते. राज्याच्या घटनेतील ‘मुक्त आणि समान’ निवडणुकांच्या तरतुदीवर बोट ठेवून त्याने नकाशा रद्द केला, आणि तेरा-पाच असे असलेले पक्षीय बलाबल त्याच वर्षी नऊ-नऊ झाले.

त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांनी राज्याच्या न्यायालयाचे दार ठोठावले. २०२० च्या जनगणनेनंतर जागा चौदा झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सर्व निवडणुका मुक्त असतील’ या राज्यघटनेतील वाक्याच्या आधारे, इतर तरतुदींसह, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने नवा नकाशा रद्द केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या नकाशावर निवडणूक झाली आणि दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. विधिमंडळाच्या नेत्यांनी थेट वॉशिंग्टनमधील देशाचे सर्वोच्च न्यायालय गाठले आणि तिथे वरील सिद्धांत मांडला.

सिद्धांत फेटाळला गेला, हे महत्त्वाचे आहे. तो मान्य झाला असता तर राज्यांच्या घटनांतील मुक्त निवडणुकांची हमी संसदीय नकाशांपुरती कागदावरच उरली असती, आणि लोकांनी मतदानाने नेमलेल्या आयोगांवरही टांगती तलवार आली असती. पण निकालपत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. राज्यांच्या न्यायालयांनी न्यायिक पुनर्विलोकनाच्या ‘सर्वसाधारण मर्यादा’ ओलांडून विधिमंडळाचा अधिकार स्वतःकडे ओढून घेऊ नये, असे ते वाक्य. या मर्यादा कोणत्या? बहुमताने ते सांगितले नाही. २००० पासून सुचवले गेलेले निकष एका न्यायमूर्तींनी सहमतीच्या निकालपत्रात मांडून दाखवले, पण न्यायालयाने त्यातला एकही स्वीकारला नाही. राज्याच्या कायद्याचा अंतिम अर्थ राज्याचे सर्वोच्च न्यायालय लावते, या जुन्या तत्त्वाला त्यामुळे एक अपवाद जोडला गेला आहे, आणि त्याची व्याप्ती पुढच्या एखाद्या चुरशीच्या निवडणुकीनंतर, घाईत ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. नॉर्थ कॅरोलायनात न्यायमूर्ती आठ वर्षांसाठी, पक्षाच्या नावासह, निवडून येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार-तीन असलेले बलाबल उलटून पाच-दोन झाले. नव्या बहुमताने फेरसुनावणी घेतली आणि २८ एप्रिल २०२३ रोजी, सव्वा वर्षही न झालेला स्वतःच्याच न्यायालयाचा निकाल रद्द केला. घटनेतील वाक्य तेच होते, खटला तोच होता, बदलली होती ती माणसे. म्हणूनच, वादच उरला नसल्याने हे प्रकरण ऐकू नये, असे वॉशिंग्टनमधील तीन असहमत न्यायमूर्तींचे म्हणणे होते. दोन महिन्यांनी बहुमताने राज्य न्यायालयाचा अधिकार उचलून धरला, तेव्हा ते न्यायालय तो वापरायलाच तयार नव्हते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि २०२४ च्या निवडणुकीत सात-सातचे दहा-चार झाले. विस्कॉन्सिनमध्ये उलट घडले : एप्रिल २०२३ च्या निवडणुकीने न्यायालयातील बहुमत बदलले आणि डिसेंबरमध्ये राज्य विधिमंडळाचे नकाशे चार विरुद्ध तीन मतांनी रद्द झाले. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै २०२४ मध्ये एकमताने निर्णय दिला की मतदारांनी सार्वमताने केलेली शासनसुधारणा विधिमंडळाला मनाला येईल तशी गुंडाळता येणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयातील एका जागेच्या निवडणुकीवर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनानेही, आणखी एक जागा मिळवण्याच्या उघड हेतूने, तेच केले. त्या राज्यात राज्यपालाला मतदारसंघांच्या नकाशावर नकाराधिकार नाही.