वेटोळ्यांमागचं गणित

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९५८ साली आला. त्याच्या श्रेयनामावलीत आधी एका स्त्रीचे ओठ दिसतात, मग डोळे. पडद्यावर लाल रंग चढतो, डोळ्यातून चित्रपटाचं नाव बाहेर येतं आणि पाठोपाठ रंगीत रेषांची वेटोळी काळोखातून वर येऊन फिरू लागतात. नायकाला उंचीवर भोवळ येते, ही गोष्ट कथा सुरू होण्याआधीच प्रेक्षकाच्या अंगात भिनते. संकल्पना ग्राफिक डिझायनर सॉल बास यांची, वेटोळी प्रयोगशील चित्रपटकार जॉन व्हिटनी यांची. मला मात्र या नामावलीचं खरं अप्रूप वाटतं ते त्या रेषांमुळे. त्यांचा आकार कुणा चित्रकाराच्या मर्जीनं ठरलेला नाही, तो कंपनांच्या नियमांनी ठरला आहे.

या आकृत्या लिसाजू या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाच्या नावानं ओळखल्या जातात. १८५०च्या दशकात त्यानं दोन नादकाट्यांना (ट्यूनिंग फोर्कना) छोटे आरसे बसवले. एक काटा आडवा कंप पावणारा, दुसरा उभा. प्रकाशाची तिरीप एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तिथून पडद्यावर पाडली, तेव्हा कानांना ऐकू येणारी कंपनं डोळ्यांना दिसू लागली. दोन्ही काट्यांची कंपनसंख्या, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं, सारखी असेल तर सरळ रेषा, लंबवर्तुळ किंवा वर्तुळ मिळतं. एकाची दुप्पट असेल तर इंग्रजी आठसारखा आकार. दोनास तीन, तीनास चार अशी गुणोत्तरं घेतली की जाळी दाट होत जाते. बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलेल्यांनी प्रयोगशाळेत सीआरओ (विद्युत कंपनं रेषेच्या रूपात दाखवणारं उपकरण) याच्या हिरव्या पडद्यावर या आकृत्या पाहिल्या असतील.

मग वेटोळं कुठून आलं? नादकाट्याऐवजी कागदावर रेघ ओढणारा लंबक घ्या. हवेचा विरोध आणि घर्षण यांमुळे त्याचा झोका दरवेळी थोडा लहान होतो. त्यामुळे रेघ पहिल्या जागी परतत नाही, किंचित आत सरकते. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की आत आत ओढून नेणारी आकृती तयार होते.

आता खोलीच्या, म्हणजे तिसऱ्या मितीच्या आभासाचा प्रश्न. आकृती सपाट असूनही ती अवकाशात फिरतेय असं का वाटतं? एक कंपन दुसऱ्याच्या तुलनेत हळूहळू मागे पडू लागलं की आकृतीचा आकार सतत बदलतो, आणि आपल्याला तारेचं वाकवलेलं कडं गोल फिरताना दिसतं. मानसशास्त्रज्ञ हान्स वालाख आणि ओकॉनेल यांनी १९५३ साली तारेच्या आकारांच्या सावल्या लोकांना दाखवल्या होत्या. स्थिर सावली सपाट दिसे. तार फिरवली की तीच सावली घनाकार भासे. बदलणाऱ्या बाह्यरेषेचा अर्थ मेंदू ‘वस्तू वळते आहे’ असा लावतो. ती डावीकडे वळतेय की उजवीकडे, हे मात्र सावलीवरून ठरत नाही, म्हणून बघता बघता दिशा उलटल्यासारखी वाटते. भोवळ दाखवायला याहून नेमकं साधन मला सुचत नाही.

व्हिटनी पुढे आणखी लांब गेले. दुसऱ्या महायुद्धातलं एम-५ हे विमानवेधी तोफांचं नियंत्रक यंत्र लष्करानं मोडीत काढल्यावर त्यांनी मिळवलं. तोफगोळा पोहोचेपर्यंत विमान कुठे असेल, हे ते यंत्र दातेरी चाकं आणि फिरत्या दांड्यांच्या साहाय्यानं काढत असे. त्याच यंत्रणेनं व्हिटनी चित्रं आणि कॅमेरा हलवू लागले. १९६१ची त्यांची ‘कॅटलॉग’ ही फिल्म अशा यंत्रावर केलेल्या नमुन्यांची आहे. आज संगणकावर हेच करायचं तर एका बिंदूच्या आडव्या आणि उभ्या स्थानाला दोन साइन फलनं (लाटेसारखी वर-खाली होणारी गणिती सूत्रं) जोडायची आणि एकाची कंपनसंख्या दुसऱ्याच्या दीडपट ठेवायची.