अँडीजमधलं सोनं आणि सत्ता

पेरूच्या सोन्याचा विषय निघाला की आपण थेट इंका आणि स्पॅनिश लोकांवर येतो, पण हे सगळं त्याच्या फार आधी सुरू झालंय. तितिकाका सरोवराजवळ खिस्काइरुमोकोला एका थडग्यात ठोकून बनवलेले सोन्याचे मणी सापडले, जवळपास 4000 वर्षांपूर्वीचे, आणि तेव्हा तिथे राजा नव्हता, शहर नव्हतं, लोक नुकतेच एका जागी राहायला लागले होते. म्हणजे इथे धातू पहिल्यापासूनच मान मिरवायला वापरला गेला.

पुढे उत्तर किनाऱ्यावर मोचे लोकांनी यात कमाल केली. 1987 मध्ये सिपानला चोरांनी एक थडगं फोडल्यावर वॉल्टर आल्वा यांच्या टीमने तिथे खोदकाम केलं आणि एका शासकाचं न लुटलेलं थडगं मिळालं, त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांचा हार, उजव्या बाजूच्या शेंगा सोन्याच्या आणि डाव्या चांदीच्या! मला सगळ्यात भारी वाटते ती त्यांची मुलाम्याची पद्धत. सोनं तांब्यात मिसळायचं, पत्रा ठोकायचा, तापवायचा, परत ठोकायचा, वर आलेलं तांबं आम्लाने काढून टाकायचं, असं करत करत पृष्ठभागावर फक्त सोनं उरतं. हेदर लेक्टमन या संशोधिकेचं म्हणणं असं की त्यांना वरून लावलेली चमक नको होती, वस्तूच्या आतलं सोनंच बाहेर दिसायला हवं होतं. मला हे पटतं, कारण शासकाचं दैवीपणही लोकांना असंच आतून आलेलं दिसायला हवं होतं.

मग त्याच किनाऱ्यावरची सिकान संस्कृती, तिचा भरभराटीचा काळ साधारण इ.स. 900 ते 1100. बातान ग्रांदे भागात भट्ट्यांच्या रांगा, माणसं फुंकणीने फुंकून आच वाढवायची, आणि आर्सेनिक मिसळलेलं तांबं भरपूर निघायचं. खनिज, कोळसा, माणसं, सगळं एकत्र आणायचं म्हणजे हुकूम चालवणारा कुणीतरी हवाच ना. आणि थडग्यांतही दर्जा स्पष्ट दिसतो, वरच्या लोकांकडे चांगल्या कसाचं सोनं, त्याखालच्यांकडे हलकं मिश्रण, सामान्य माणसाकडे फक्त तांबं.

इंकांनी 1470 च्या सुमारास उत्तर किनाऱ्यावरचं चिमू राज्य जिंकलं तेव्हा तिथले सोनारच उचलून आपल्या राजधानीत, कुस्कोला नेले, कारण माल लुटण्यापेक्षा तो घडवणारे हात ताब्यात असणं जास्त मोलाचं होतं. स्पॅनिशांना यातलं काहीच नको होतं, 1533 मध्ये काहामार्काला त्यांनी कैद केलेल्या इंका सम्राट अताहुआल्पाच्या सुटकेसाठी आलेलं खंडणीचं सोनं त्यांनी वितळवून विटा केल्या.