अ‍ॅम्प्लिफायरची जवारी

"दादा, पन्नास वॉटचा घेऊ की शंभरचा?" ट्यूब अ‍ॅम्प गिटारसाठी घ्यायला निघालेली सोलापुरातली मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात. पंधराचा घे म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

माझ्या उत्तराचं कारण तंबोऱ्यात आहे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा हळूहळू सरकवला की एका जागी तार एकदम बोलू लागते, जवारी खुलते. सूर तोच, पण त्याच्या आतले दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वर उजळतात. सा 110 हर्ट्झचा असेल तर 220 वर त्याच्या वरचा सा, 330 वर पंचम आणि 550 वर गंधार. गंधाराची तार लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ट्यूब अ‍ॅम्प हेच काम विजेनं करतो.

ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापून लालसर होतो, इलेक्ट्रॉन सोडतो, आणि काहीशे व्होल्टवरची प्लेट ते ओढून घेते. या दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते. अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये ही तिसरी वस्तू नळीत घातली आणि गिटारसारख्या क्षीण सिग्नललाही मोठा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. सिग्नल आवाक्यात असेपर्यंत लाट जशीच्या तशी मोठी होते. आवाक्याबाहेर गेला की लाटेचा माथा दबू लागतो. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये तो एकदम सपाट कापला जातो, ट्यूबमध्ये आधी कडा गोल होतात. लाटेचा आकार बदलला म्हणजे तिच्यात नवे स्वर मिसळले. आपण ज्याला डिस्टॉर्शन म्हणतो, ती ही जवारी.

पण पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक तारांचे स्वर एकत्र, वाजवला की प्रत्येक तारेची कंपनं दुसरीच्या कंपनांत मिसळून बेसूर स्वरही तयार होतात. म्हणून रॉक वाजवणारे डिस्टॉर्शनवर बहुधा सा आणि प एवढेच धरतात.

आता वॉट. स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूबना, म्हणजे पॉवर ट्यूबना, काम पडल्याशिवाय त्यांची जवारी खुलत नाही, आणि शंभर वॉटच्या अ‍ॅम्पला काम पाडायचं तर मांडव हादरेल एवढा आवाज करावा लागतो. शिवाय कानाचा हिशेब वेगळा आहे. आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 15 आणि 100 वॉटमध्ये फरक जेमतेम 8 डेसिबलचा. एका वॉटवर एक मीटर अंतरावर 98 डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर 15 वॉट म्हणजे तिथेच 110 डेसिबल. ड्रमरच्या शेजारी उभं राहायला पुरेसे. हुतात्मा स्मृती मंदिरात मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम माइक आणि सभागृहाच्या साउंड सिस्टिमचं आहे. आणि ड्रमर "वाढव की बे" म्हणालाच, तर स्पीकर बदलून पाहा. 97 ऐवजी 100 डेसिबलचा स्पीकर बसवणं म्हणजे वॉट दुप्पट करणंच.

ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी गाण्यांचे स्वच्छ, तुटक सूर वाजवणाऱ्यांना मात्र मी उलटं सांगतो. तिथे लाटेचा माथा दबायलाच नको, म्हणून वॉट जास्त हवेत. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा अ‍ॅम्प 85 वॉटचा आहे तो याचसाठी.

घरच्या स्टुडिओत 15 वॉटही फार होतात. तिथे 1 ते 5 वॉटचा अ‍ॅम्प घ्या, किंवा स्पीकरच्या जागी लोड बॉक्स, म्हणजे आवाज न करता ती वीज झेलणारा डबा, लावा. काहीच न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. भिंतींवर सोलापुरी चादरी टांगून खोली रेकॉर्डिंगची होत नाही. चादर तीव्र स्वरांचा गोंगाट शोषते, खर्जाची लांब लाट तिला दाद देत नाही. माइक स्पीकरच्या जाळीजवळ धरला की खोलीचा त्रास बराच कमी होतो.

मला सगळ्यात काळजी मांडवातल्या विजेची वाटते. ट्यूबमधला कॅथोड तापवणाऱ्या हीटरला 6.3 व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. 230 चे 190 झाले की तिथे 5.2 व्होल्टच पोचतात. सूर मलूल होतो आणि असं रोज झालं तर कॅथोड खराब होतो. स्टॅबिलायझर घ्या. अमेरिकेतून 120 व्होल्टचा अ‍ॅम्प मागवलात तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो अ‍ॅम्प 50 हर्ट्झवर चालतो का हेही आधी पाहा. घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीच तोडू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ते तुटलं आणि आत बिघाड झाला, तर हात तारांवर असताना माइकला ओठ लागताच शॉक बसतो, तो जीवघेणाही ठरू शकतो. बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही बराच वेळ धोकादायक वीज साठून राहते, म्हणून तो उघडायचं काम जाणकाराचं.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा अ‍ॅम्प भिंतीला चिकटवू नका, मागून वारा खेळू द्या. कार्यक्रम संपला की लगेच उचलूही नका. गरम ट्यूबच्या आतले भाग धक्क्यानं लवकर हलतात. केबल गुंडाळून होईपर्यंत दहा मिनिटं जातात, तेवढ्यात काच निवते. मग चादरीची चौपदरी घडी रिक्षात अंथरून त्यावर अ‍ॅम्प ठेवा.